लोहमार्गाविना थांबा : मांजरसुंब्याचा नाका आणि कपिलधारची सावली

१. विषयाची मर्यादा

ग्रामीण भागातील रेल्वे-थांबा आणि त्याच्या आश्रयाने वाढलेले सार्वजनिक उद्यान हा वसाहत-भूगोलाच्या अभ्यासकांना परिचित असा विषय आहे. गाडी थांबते म्हणून माणसे जमतात. माणसे जमतात म्हणून पाणी, सावली आणि बसावयास जागा लागते. आणि ती जागा कालांतराने गावाची होते, असा हा क्रम सामान्यतः सांगितला जातो. प्रस्तुत लेखात हाच क्रम अशा एका ठिकाणी तपासून पाहावयाचा आहे की जेथे लोहमार्ग कधी आलाच नाही. ते ठिकाण म्हणजे बीड तालुक्यातील मांजरसुंबा होय.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट. अहिल्यानगर जिल्ह्यात डोंगरगणजवळ मांजरसुंबा नावाचा डोंगरी किल्ला आहे. नामसादृश्यामुळे पुष्कळदा गोंधळ होतो. येथे विचारात घेतलेले मांजरसुंबा बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, बालाघाटाच्या माथ्यावर वसलेले आहे.

रेल्वे नसलेल्या गावाचा रेल्वेच्या संदर्भात अभ्यास कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, थांब्याचे स्वरूप समजण्यास रूळ ज्या गावी आले ती गावे जितकी उपयोगी, तितकीच रूळ ज्यांना टाळून गेले ती गावेही उपयोगी असतात. शिवाय बीडला आता रेल्वे आली आहे. जिल्ह्यात नवे थांबे निर्माण होत आहेत. अशा वेळी थांबा म्हणजे नेमके काय, हे पाहून ठेवणे केवळ ज्ञानापुरते उरत नाही.

२. घाटमाथ्याचे स्थान

बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंचीवर, बिंदुसरा नदीच्या काठी आहे. तेथून सोलापूरच्या दिशेने निघाले की पालीचा बिंदुसरा तलाव मागे पडतो आणि रस्ता चढणीस लागतो. हा मांजरसुंब्याचा घाट. घाट चढून आल्यावर जे पठार लागते ते बालाघाटाचे. या माथ्याच्या उत्तरेचे पाणी बिंदुसरा व सिंदफणा यांच्याद्वारे थोडक्या वाटेने गोदावरीस मिळते. दक्षिणेचे पाणी मांजरा नदीकडे जाते. तेही अखेरीस गोदावरीसच मिळते खरे. परंतु त्यासाठी मांजरेला लातूर, बिदर असा मोठा वळसा घेऊन कंदकुर्तीपर्यंत सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. सारांश, मांजरसुंब्याचा परिसर हा जलविभाजकाचा प्रदेश आहे.

जलविभाजकावर पाणी टिकत नाही. परंतु वाटा मात्र तेथेच एकत्र येतात, कारण घाट चढण्याची सोयीची जागा थोडी असते. उत्तर-दक्षिण जाणारा धुळे-सोलापूर मार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११, आताचा ५२) आणि जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा पूर्व-पश्चिम मार्ग हे दोन्ही येथे एकमेकांस छेदतात. या छेदनबिंदूलाच लोक 'नाका' म्हणतात. नेकनूरचा जनावरांचा बाजार, अंबाजोगाईची वैद्यकीय व शैक्षणिक केंद्रे, पाटोद्याकडील कोरडवाहू गावे आणि बीडच्या कचेऱ्या या सर्वांकडे जाणारा प्रवासी येथे वाहन बदलतो. या ठिकाणाला महत्त्व आले ते दिशा बदलण्याची जागा म्हणून. गावाच्या लोकसंख्येशी वा व्यापाराशी त्याचा संबंध थोडा. रेल्वेच्या परिभाषेत ज्याला जंक्शन म्हणतात त्याचे हे रस्त्यावरील रूप होय.

३. लोहमार्ग कोठून गेले

बीड जिल्ह्याभोवतीच्या लोहमार्गांचा नकाशा पाहिला असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जिल्ह्याच्या चारही बाजूंनी रूळ आहेत, आणि मध्यभाग मात्र दीर्घकाळ रिकामा राहिला आहे. पश्चिमेस दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यावर अहमदनगर आले. उत्तरेस हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला; त्यावर औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही ठाणी आली. दक्षिणेस बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. पूर्वेस परळी वैजनाथ हे ठाणे १९३० च्या सुमारास परभणी व विकाराबाद या दोन्ही दिशांनी जोडले गेले. परळी व घाटनांदूर ही स्थानके बीड जिल्ह्यातच असल्यामुळे जिल्हा अगदीच रेल्वेवंचित होता असे म्हणता येणार नाही. वंचित राहिले ते जिल्ह्याचे मुख्य ठाणे आणि बालाघाटाचा मध्यवर्ती पट्टा.

याची कारणे दोन. पहिले भूरचनेचे. मोटारीचा रस्ता ज्या चढणीने सहज वर जातो ती चढण आगगाडीस झेपत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण अल्प असते. त्यामुळे सपाटीवर थोड्या शक्तीत मोठा भार ओढता येतो. परंतु हाच गुण चढावर दोष ठरतो. शंभर मीटर अंतरात एक मीटर चढ हा रुंदमापी मार्गावर बऱ्यापैकी तीव्र समजला जातो. सह्याद्रीतील बोरघाट व थळघाट येथे ३७ मीटरांत एक मीटर असा चढ स्वीकारावा लागला, तेथे गाडीस मागून जादा एंजिने लावावी लागतात. मुंबईच्या बंदराकडे जाणाऱ्या व्यापारासाठी एवढा खर्च परवडला. बालाघाटाच्या कोरडवाहू पठारासाठी तो कोणी केला नाही.

दुसरे कारण अर्थकारणाचे. गोदावरीच्या खोऱ्यातून गेलेल्या मार्गास कापसाचा प्रदेश मिळाला आणि नदीकाठची सपाटीही मिळाली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग हा दुष्काळनिवारणाचा उपाय मानला होता. परंतु प्रत्यक्षात मार्गाची आखणी दुष्काळी मुलखाच्या गरजेपेक्षा मालवाहतुकीच्या आशेने अधिक ठरत गेली. बीडसारख्या वारंवार अवर्षण सोसणाऱ्या मुलखास त्याची झळ लागली.

तथापि बालाघाट चढणे अशक्य होते असे मात्र नाही. बार्शी लाइट रेल्वेचे प्रवर्तक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी रूळ व पाच टन आसभार ही मर्यादा स्वीकारून हलकी परंतु कार्यक्षम रेल्वे उभारली. अरुंद मापामुळे वळणे तीव्र ठेवता येतात, मातीकाम कमी होते आणि खर्च आटोक्यात राहतो. हीच गाडी पांगरी ते येडशी यांच्या दरम्यान रामलिंगच्या घाटातून बालाघाटाच्या माथ्यावर चढत असे. येडशी हे मांजरसुंब्याहून निघणाऱ्या त्याच सोलापूर मार्गावर आहे. म्हणजे एकाच पठारावर, एकाच रस्त्यावर, दक्षिणेकडील एका गावास रूळ मिळाले आणि उत्तरेकडील गावास मिळाले नाहीत.

४. 'रोड' नावाची स्थानके

या प्रदेशातील स्थानकांच्या नावांत 'रोड' हा शब्द वारंवार आढळतो. कुर्डुवाडीचे पूर्वीचे स्थानक-नाव बार्शी रोड. कळंब रोड हे स्थानक कसबे तडवळे येथे. कळंब तेथून दूर. लातूर रोड हे स्थानकही लातूर शहरापासून बरेच अंतर राखून आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. रूळ गावापर्यंत जात नव्हते, म्हणून ज्या रस्त्याने त्या गावास जावयाचे त्या रस्त्याचे नाव स्थानकास दिले गेले. स्थानक हे गावाचे नव्हे, रस्त्याचे टोक होते.

अशा स्थानकांतूनच काही ठिकाणी नवी गावे उदयास आली. पुणे-मिरज मार्गावरील कुंडल रोड हे त्याचे उत्तम उदाहरण. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या स्थानकाजवळ ओसाड माळजमीन दिली आणि १९१० साली तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली. निवडुंगाच्या माळावर घरे, शाळा, झाडे व बागा आल्या, आणि पुढे स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. थांबा आधी आणि गाव नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. मात्र हेही लक्षात घेतले पाहिजे की तेथील बाग केवळ गाडी थांबत होती म्हणून झाली नाही. ती राखण्याची जबाबदारी घेणारी वसाहत तेथे होती म्हणून झाली.

५. थांब्याची रचना

रेल्वेच्या जुन्या लहान स्थानकांवर स्थानकाधिकारी, सांधेवाला, हमाल असा कर्मचारीवर्ग राहत असे. त्यांची निवासस्थाने स्थानकालगत असत. एंजिनास व माणसांस पाणी लागे म्हणून विहीर वा टाकी असे. माणूस, पाणी आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बाग आपोआप होते. निंब, चिंच, पिंपळ, कण्हेर आणि फलाटाच्या टोकास चुन्याने रंगविलेल्या दगडांची कड, हे दृश्य त्यामुळेच अनेक स्थानकांवर दिसे. आसपासच्या खेड्यांतील माणसांना ही सावली परकी वाटत नसे.

'हॉल्ट' या नावाने ओळखला जाणारा थांबा याहून वेगळा. तेथे सिग्नल नसतो, गाड्यांच्या नियमनाशी त्याचा संबंध नसतो. पुष्कळ ठिकाणी तिकिटेही दलालीवर नेमलेला स्थानिक मनुष्य विकतो. गाडी थांबते व निघून जाते. तेथे राहणारा कोणी नाही, म्हणून झाडाला पाणी घालणाराही कोणी नाही. हॉल्टवर बाग हवी असेल तर ती गावानेच राखली पाहिजे.

रस्त्यावरील थांब्यांतही हाच भेद आहे. हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता-वाहतूक विभागाने मोटारगाड्या सुरू केल्या, म्हणजे तेथे बसवाहतूक रेल्वेच्याच कुशीत जन्मली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि एस.टी. या भागाचेही मुख्य वाहन झाली. एस.टी.चे आगार व स्थानक येथे कर्मचारी असतात; 'विनंती थांबा' मात्र केवळ एका पाटीवर उभा असतो. नाका या दोहोंच्या मधला. त्यावर गर्दी स्थानकाएवढी, आणि व्यवस्था बहुधा थांब्याएवढी. दुकाने व उपाहारगृहे गर्दीच्या मागे येतात. त्यांत विकत घेणाऱ्यास सावली मिळते. न घेणाऱ्याने कोठे बसावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

६. पाणी आणि सावली यांची परंपरा

हा प्रश्न या मुलखास नवा नाही, आणि त्याची उत्तरेही येथे पूर्वी शोधली गेली आहेत. बीडहून मांजरसुंब्याकडे येताना वाटेत खजिना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाच्या कारकिर्दीत ती बांधली गेली. तिला भूमिगत पाटांची जोड आहे. पाट उघड्यावरून न नेता जमिनीखालून नेल्यामुळे बाष्पीभवनाने होणारी पाण्याची तूट टळते आणि उताराच्या बळावर, मोटेशिवाय, दूरची शेते व मळे भिजतात. बालगुजार नावाने ओळखला जाणारा पट्टा याच पाण्यावर बागायत झाला. अवर्षणाच्या मुलखात बाग करावयाची तर आधी पाण्याची योजना करावी लागते, हा धडा या विहिरीने चारशेहून अधिक वर्षे दिला आहे.

दुसरे उदाहरण मांजरसुंब्याच्या अगदी निकटचे. नाक्यापासून जवळच, बालाघाटाच्या कड्याच्या कुशीत कपिलधार हे क्षेत्र आहे. मराठीत रचना करणारे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्रातील वीरशैव समाजात आदराने वाचला जातो. कार्तिक पौर्णिमेस येथे यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व तेलंगणातूनही दिंड्या येतात. पावसाळ्यात कड्यावरून धार कोसळते, भोवती झाडी आहे, आणि यात्रेवाचून इतर दिवशीही परिसरातील कुटुंबे येथे डबे घेऊन येतात. नगररचनेच्या भाषेत ज्यास सार्वजनिक उद्यान म्हणावे त्याचे कार्य येथे एक तीर्थक्षेत्र करीत आहे. त्यास कुंपण वा प्रवेशपत्रिका लागलेली नाही. श्रद्धा आणि पाणी या दोहोंनी ते राखले आहे.

तिसरे उदाहरण आधुनिक. बीडजवळ पालवण येथील डोंगरावर वनविभागाच्या जागेत लोकसहभागाने 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी तेथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडास देण्यात आले. यात कौतुकाचा भाग असला तरी उजाड डोंगर पुन्हा झाडीखाली आणता येतो, याची साक्ष ती देवराई देते.

या तिन्ही उदाहरणांत एक उणीव समान आहे. ती तिन्ही ठिकाणे वाटेवर वा वाटेच्या जवळ आहेत, परंतु वाहनाची वाट पाहणारा मनुष्य जेथे उभा असतो त्या जागी नाहीत. हातात बोचके, कडेवर मूल आणि नजर गाडीकडे अशा स्थितीतील प्रवासी चार-पाच किलोमीटर अंतरावरच्या सावलीचा उपयोग करू शकत नाही. थांब्याचे उद्यान थांब्यापासून शंभर पावलांत असावे लागते. त्यापलीकडे ते सहलीचे ठिकाण होते.

७. कोयत्याची वाट

नाक्यावर थांबणारा मनुष्य कोण, याचा विचार केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. बालाघाटाच्या पठारावरील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. खरीप आटोपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीस येथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेस 'उचल'. उचल फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा असा हा व्यवहार आहे. त्यांच्याबरोबर संसार जातो, जनावरे जातात, आणि पुष्कळदा शाळेतील मुलेही जातात.

हे स्थलांतर रेल्वेने होत नाही. ते मालमोटारीने व ट्रॅक्टरच्या जोड-गाड्यांनी होते. आणि जिल्ह्याच्या मध्यातून दक्षिणेस व पश्चिमेस जाणाऱ्या वाटा ज्या नाक्यांवरून जातात त्यांत मांजरसुंबा प्रमुख आहे. लोहमार्ग नसल्याचा परिणाम येथे प्रत्यक्ष दिसतो. नियमित, स्वस्त, वेळेवर चालणारे वाहन असते तर जाणे-येणे कुटुंबाच्या हाती राहिले असते. ते नसल्यामुळे प्रवासही मुकादमाच्या व्यवस्थेचा भाग झाला. वाहतूक आणि श्रमाच्या अटी यांचा असा निकटचा संबंध असतो. तेव्हा नाक्यावरील सावली ही शोभेची बाब नाही. वर्षातून दोनदा घर मोडून बांधणाऱ्या माणसास ती वाटेवरचे एकमेव स्थिर ठिकाण असू शकते.

८. आज आणि पुढे

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटर लांबीच्या मार्गास १९९५-९६ साली मंजुरी मिळाली. मूळ अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपयांचा होता. विलंबाबरोबर तो अनेक पटींनी वाढला आणि खर्चाचा अर्धा भार राज्य शासनाने उचलण्याचे ठरले. २०१७ साली नारायणडोहपर्यंत पहिला टप्पा तयार झाला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली. हैदराबाद मुक्तीनंतर बरोबर ७७ वर्षांनी जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यास रूळ मिळाले.

हा मार्ग मांजरसुंब्याच्या घाटास स्पर्श करीत नाही. पाटोदा तालुक्यातील अमळनेरकडून तो उत्तरेकडील सखल भागात उतरतो आणि विघनवाडी, राजुरी या बाजूने बीडला येतो. मांजरसुंबा पूर्वीप्रमाणेच रस्त्याचे गाव राहणार आहे. दरम्यान येडशी-औरंगाबाद हा महामार्ग चौपदरी झाला आहे. चौपदरी मार्गाचे धोरण वाहनास न थांबविण्याचे असते, तर नाक्याचे जीवन वाहन थांबण्यावर असते. या दोहोंत विरोध आहे. रस्ता जितका वेगवान, तितका थांबा निरुंद होत जातो. आणि रुंदीकरणात कडेच्या जुन्या झाडांचा बळी प्रथम जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, थांब्यास महत्त्व येते ते दिशा बदलण्यामुळे; रूळ असणे हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. दुसरा असा की, थांब्याचे रूपांतर सार्वजनिक स्थळात होण्यास पाणी, सावली आणि राखणारा मनुष्य या तीन गोष्टी लागतात. जुन्या स्थानकांवर त्या रेल्वेने पुरविल्या, किर्लोस्करवाडीस वसाहतीने, कपिलधारला भाविकांनी. नाक्यावर व नव्या हॉल्टवर त्या पुरविण्याचे काम ग्रामपंचायतीवाचून दुसरे कोणी करील अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. तिसरा निष्कर्ष व्यवहाराचा. बीड ते परळी हा उरलेला मार्ग पूर्ण होत असताना वाटेवरील प्रत्येक थांब्याच्या आराखड्यात थोडी जागा झाडांसाठी आणि एक साठवण पाण्यासाठी आरंभीच राखून ठेवली, तर नंतर ती मिळविण्याचा खटाटोप वाचेल. मांजरसुंब्यासही हेच लागू आहे.

वड, पिंपळ, निंब आणि चिंच यांतील कोणतेही झाड सावली देण्याइतके वाढावयास सामान्यतः दहा-पंधरा वर्षे घेते. बीडच्या लोहमार्गास मंजुरीनंतर तीस वर्षे लागली. मंजुरीच्या वर्षी भावी थांब्यांच्या जागी झाडे लावली असती, तर पहिल्या गाडीच्या प्रवाशांना ती सावली देऊन दुसरी पंधरा वर्षेही उलटली असती. उरलेल्या मार्गाच्या बाबतीत ही चूक टाळणे अद्याप आपल्या हाती आहे.